कार्डावरची सुलोचना

स्टेला त्या दिवशी दुपारी तीनलाच घरी आली. मी खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होतो. डेट्रॉइट शहर, एकोणीसशे एकतीस सालचा जानेवारी. आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, आठवड्याला तीनच दिवस काम उरलं होतं. बाकीचे दिवस मी घरात अशी कामं शोधून काढत असे.

"आज शाळा नाही?" मी विचारलं.

"शाळा आहे. मी नाही."

अंगातला कोट न काढता ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. मी चहा ठेवला. तिने कपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सगळ्या शिक्षकांना आज एक फॉर्म दिला," ती म्हणाली. "नवऱ्याचा देश कोणता, असं त्यात विचारलं होतं. मी इंडिया लिहिलं. कारकून फॉर्म घेऊन आत गेला, तो बाहेर आलाच नाही. मग मलाच आत बोलावलं. टँडी, मी कोण आहे असं तुला वाटतं?"

"कोण म्हणजे?" माझ्या तांडेल आडनावाचं तिने टँडी केलं होतं.

"मी या शहरात जन्मले. इथून तीन चौक पलीकडे. पण मी अमेरिकन नाही. साडेतीन वर्षं झाली मी अमेरिकन नाही, आणि हे मला कोणी सांगितलंही नाही."

मला ते समजायला वेळ लागला. हिंदू माणूस, म्हणजे इथल्या बोलीत कुठलाही हिंदुस्थानी, गोरा नाही, म्हणून त्याला अमेरिकेचा नागरिक होता येत नाही, असं इथल्या मोठ्या कोर्टाने तेवीस साली ठरवलं होतं, ते मला ठाऊक होतं. मी खलाशी म्हणून आलेलो, नागरिक व्हायची मला घाईही नव्हती. पण अशा माणसाशी लग्न करणाऱ्या बाईचं स्वतःचं नागरिकत्वसुद्धा जातं, हा दुसरा कायदा मी कधी ऐकला नव्हता. आमचं लग्न सत्तावीसच्या जूनमध्ये झालं.

स्टेला दिवसा मुलांना शिकवायची आणि संध्याकाळी रात्रशाळेत. तिथे पोलंडहून, इटलीहून आलेले कामगार बसायचे. त्यांना ती इंग्रजी शिकवायची आणि अमेरिकन कसं व्हायचं ते शिकवायची. जज काय विचारतो, शपथ घेताना हात कसा धरायचा, सगळं. माझी तिची ओळख त्याच वर्गात झाली. मी शेवटच्या बाकावर बसून डुलक्या काढायचो.

"मग आता तू कुठली?" मी विचारलं.

"तू जिथला, तिथली. असं ते म्हणतात. वेंगुर्लं कुठे आहे ते मला एकदा नकाशात दाखव. माझा देश मला ठाऊक पाहिजे."

ती हसली आणि मग कोट घालूनच उठली, भांडी घासू लागली. भांडी स्वच्छ होती.

कागद आणल्याशिवाय तिला वर्गात उभं करता येणार नाही, असं शाळेने सांगितलं. मुख्याध्यापक भला माणूस होता. वर्षाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो, म्हणाला. पुढे त्याच्याही हातात नव्हतं, कारण त्या एका जागेसाठी शहरातली तीस माणसं दारात उभी होती. तिचा सख्खा भाऊ ज्यो त्या हिवाळ्यात बेकार झाला होता. तो एकदा आमच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "बरं झालं. नोकऱ्या आधी इथल्या लोकांना मिळायला हव्यात." स्टेलाने त्याला विचारलं, "मी कुठली आहे रे, ज्यो?" तो टोपी खाली ओढून पायऱ्या उतरून गेला.

मार्चमध्ये कायदा बदलला. असं नागरिकत्व गेलेल्या बायकांना अर्ज करून ते परत मागता येईल, असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात स्टेलाने अर्ज भरला. मग आम्ही वाट बघत राहिलो. उन्हाळ्यात फाउंड्रीने मला तीन दिवसांवरून दोन दिवसांवर आणलं. ती घरात फेऱ्या मारायची, मी रस्त्यावर. दोघं एका वेळी घरात असलो की जागा पुरायची नाही.

आमच्याकडे येणारा माणूस एकच, दाऊदभाई परकार. तो दाभोळचा. माझ्यासारखाच बोटीवरचा, पण माझ्या मागून आलेला. मी एकोणीस साली बाल्टिमोरला बोट सोडली. तो सव्वीस साली न्यूयॉर्कला उतरला आणि परत बोटीवर चढला नाही. या सात वर्षांत मोठा फरक होता. माझ्यासारख्या जुन्या लोकांना सरकार आता हलवू शकत नव्हतं. चोवीस सालच्या नव्या कायद्यानंतर असे उतरलेल्यांना मात्र केव्हाही धरून परत पाठवता येत होतं, आणि त्या वर्षी डेट्रॉइटमध्ये धरपकड जोरात होती. काम नाही, तर परके लोक तरी कमी करा, असा सगळा हिशेब.

दाऊदभाई पाच इयत्ता शिकलेला. त्याचं अक्षर छापल्यासारखं. आम्ही एका खानावळीत राहायचो तेव्हापासून सगळ्यांचे फॉर्म, सगळ्यांची पत्रं तोच लिहायचा. त्याचं काम पूर्ण सुटलं तेव्हा स्टेलानेच त्याला सांगितलं, की दुपारी इकडे जेवत जा. तोही तिच्या वर्गातला, पहिल्या बाकावरचा. तो तिला टीचरबाई म्हणायचा. हा एक मराठी शब्द तिला पक्का कळायचा.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी तो कागदात गुंडाळलेला मासा घेऊन आला.

"हा काय मासा म्हणायचा रे गोविंदा," तो चुलीपाशी उभा राहून मला म्हणाला. "तळ्यातला. मीठ कधी बघितलं नाही मेल्याने. वर आमसूल नाही. टीचरबाईंना वाटेल आमच्याकडे असंच खातात."

"व्हिनेगर घाल."

"तुझ्या आईला सांगेन हां, पोरगा व्हिनेगर घालतो म्हणून."

तेवढ्यात दार वाजलं. एक उंच, बारीक माणूस होता, बगलेत चामड्याची पिशवी. त्याने नाव सांगितलं, विल्कॉक्स. स्टेलाच्या अर्जाची चौकशी करायला आला होता. स्टेलाने केस सारखे केले आणि त्याला स्वयंपाकघरातच बसवलं, कारण शेगडी तिथेच होती.

तो वाईट माणूस नव्हता. अर्धा तास त्याने तिला साधे प्रश्न विचारले. जन्म कुठला, शाळा कुठली, चर्च कुठलं. ती वर्गात बोलायची तशी ताठ बसून उत्तरं देत होती. मग तो माझ्याकडे वळला.

"मिस्टर तांडेल, तुमची लग्नं किती?"

"एक."

"हिंदू लोकांत जास्त करतात ना?"

"एकच झेपत नाही साहेब," दाऊदभाई चुलीपाशी उभ्या उभ्या म्हणाला.

"हा कोण? हाही हिंदू?"

"इथे हिंदूच," दाऊदभाई म्हणाला. "घरी मला कोणी हिंदू म्हणालं तर माझा बाप काठी घेऊन येईल. तुमच्या देशात आलो आणि फुकटात बाटलो."

साहेब थोडा हसला. मग त्याने पिशवीतून एक पिवळं कार्ड काढलं. ते मी लांबूनच ओळखलं. आमच्या कारखान्यात एक खातं होतं, ते कामगारांच्या घरची माहिती ठेवायचं. घर स्वच्छ आहे का, माणूस पितो का, बायको कोण. ते कार्ड तिथलं होतं, सत्तावीसच्या ऑक्टोबरातलं, म्हणजे आमच्या लग्नानंतर चार महिन्यांचं.

"कारखान्याने आम्हाला हे दिलं," तो म्हणाला. "यावर तुमच्या बायकोचं नाव स्टेला नाही. सुलोचना आहे. अपघात झाल्यास कळवायची व्यक्ती, बायको, सुलोचना. पत्ता वेंगुर्ला, इंडिया. सुलोचना कोण?"

स्टेलाने माझ्याकडे पाहिलं.

"देशात बायको असताना इथे केलेलं लग्न लग्न ठरत नाही," साहेब म्हणाला. "तसं असेल तर या बाई तुमच्या घरात कोण म्हणून राहतात, हा प्रश्न येतो. चारित्र्याचा प्रश्न येतो. मग मला अर्ज नामंजूर करा असंच लिहावं लागेल. म्हणून विचारतो. सुलोचना कोण?"

मासा तव्यावर करपत होता. मी म्हणालो, "ते कार्ड मी लिहिलेलं नाही. माझं इंग्रजी अक्षर तेव्हा चांगलं नव्हतं. ते दाऊदने लिहिलं."

दाऊदभाईने तवा खाली उतरवला. फडक्याला हात पुसले. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"मीच लिहिलं साहेब," तो म्हणाला. "एका दुपारी खानावळीत बसून दहा जणांची कार्डं लिहिली. एकाची बायको दुसऱ्याच्या कार्डावर गेली असणार. वेंगुर्ल्याचा आणखी एक माणूस होता, सुलोचना त्याची. तो परत गेला देशाला."

"चार वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"मेला कोणी नाही, म्हणून कार्ड कोणी काढलं नाही."

साहेबाने कार्ड परत पिशवीत घातलं. मग म्हणाला, "हे शपथेवर लिहून द्यावं लागेल. शुक्रवारी दहा वाजता ऑफिसात या. तुमचं नाव? या देशात कधी आलात?"

"नाव दाऊद परकार. बाकीचं शुक्रवारी एकदमच सांगतो."

साहेब गेल्यावर स्टेला दाराला पाठ लावून उभी राहिली.

"दहा कार्डं," ती म्हणाली. "दहा माणसांच्या बायका तू पत्त्यांसारख्या पिसल्यास. मी तुला काय शिकवलं? लिहिलेलं पुन्हा वाचायचं. पहिल्या बाकावर बसून तू मान हलवायचास."

"चुकलो, टीचरबाई."

"त्या माणसाने माझ्याच घरात मला विचारलं, मी इथे कोण म्हणून राहते. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"जेव आणि जा. शुक्रवारी जाऊन खरं काय ते लिहून दे. त्यानंतर या घरात येऊ नकोस."

तो जेवला. पानातलं सगळं संपवून, ताट धुऊन गेला. मी त्याला ट्रामपर्यंत पोचवायला निघालो. दोन चौक गेल्यावर मी म्हणालो,

"दाऊदभाई, तू मला खोटं पाडलं नाहीस."

"तू खोटं कुठे बोललास? कार्ड मीच लिहिलं," तो म्हणाला. "तू सांगितलंस, मी लिहिलं. मी तुला तेव्हाच विचारलं होतं, की अरे, बायकोचं नाव स्टेला ना? तू म्हणालास, लिही तू."

आता हे सांगायला हवं. लग्नाआधी मी स्टेलाला आमची रीत सांगितली होती. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, आणि मग ती त्या घराची होते. ती म्हणाली, "माझं नाव माझ्या आजीचं आहे. ते बदलणार असशील तर आत्ताच सांग, मी दुसरा नवरा बघते." मी म्हणालो, नाही बदलणार. शब्द दिला. तिच्या बापाने माझ्यामुळे तिला घर बंद केलं होतं, चर्च तिच्यावर रागावलं होतं, तिने एवढं सोडलं होतं. नाव तरी तिचं तिच्याकडे राहावं, हे मला पटलं होतं.

मग सप्टेंबरात आईचं पत्र आलं. शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. तिने आमच्या पाठीमागे घरी ताट मांडलं होतं. मी नव्हतो, म्हणून माझ्या काकाने अंगठी धरली. "सुलोचना नाव ठेवलंय. आता सुलोचनेक घेवन कधी येतलस?" आईने स्टेलाचा फोटोही पाहिलेला नव्हता.

पुढच्या महिन्यात कारखान्याने कार्डं वाटली. मी मेलो तर कळवायचं कोणाला? स्टेला इथे होतीच, तिला त्याच दिवशी कळलं असतं. आईला कोण कळवणार? आणि कळवलं तरी स्टेला हे नाव वेंगुर्ल्यात कोणाला ठाऊक? सुलोचना ठाऊक होती. त्या घरातली माझी बायको सुलोचना होती. कारखान्याच्या कपाटातला कागद, तो कोण बघतो, असं मला वाटलं. एका कागदावर आईचं राहील, बाकी सगळीकडे स्टेलाचं. मला यात काही खोटं वाटलं नाही.

साहेबाने विचारलं तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. साहेब, हीच सुलोचना. त्याने विश्वास ठेवला असता की नाही, मला माहीत नाही. मी ते करूनच पाहिलं नाही. स्टेलाचा चेहरा समोर होता, आणि मी दिलेला शब्द तिला आठवत असणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

ट्राम यायला वेळ होता. दाऊदभाईने कोटाची कॉलर वर केली.

"शुक्रवारी मला विचारतील, कुठल्या बोटीवरून आलास, कधी आलास," तो म्हणाला. "शपथेवर विचारतील."

"मग तू जाऊच नको. शिकागोला जा. तिकडे आपले लोक आहेत."

"मी पळालो तर कार्डाची गोष्ट खोटी ठरली. मग टीचरबाईंचा कागद गेला." त्याने रुळांकडे पाहिलं. "असं कर. अजून उद्याचा दिवस आहे. तू घरी बस, टीचरबाईंना सांग. रागावतील, दोन दिवस जेवायला घालणार नाहीत. मग शुक्रवारी तुम्ही दोघं जा. तुझ्या आईचं पत्र आहे ना? ते घेऊन जा. बाईच स्वतः म्हणाल्या की सुलोचना मीच, तर साहेब काय करणार?"

"आणि मला जमलं नाही तर?"

"तर मी आहेच."

गुरुवारी मला कामही नव्हतं. सकाळी मी आईचं पत्र ट्रंकेतून काढून खिशात ठेवलं. स्टेला इस्त्री करत होती. मी तिच्याजवळ गेलो. ती म्हणाली, "सगळ्यात जास्त राग कशाचा येतोय, सांगू? तो साहेब बोलत असताना क्षणभर मी तुझ्यावर संशय घेतला. मला खरंच वाटलं, आहे कोणी सुलोचना. तुझी माफी मागते." मी कोळसा आणायला खाली गेलो. वर आलो, पुन्हा खाली गेलो. नदीपर्यंत चालत गेलो, कारखान्याच्या बंद फाटकापाशी माणसं उगाच उभी होती, त्यांच्यात उभा राहिलो. जेवताना तोंड उघडलं तर ती म्हणाली, "मीठ हवं?" मी हो म्हणालो.

शुक्रवारी मी ऑफिसच्या पायऱ्यांपाशी पोचलो तेव्हा दाऊदभाई आधीच उभा होता. दाढी केलेली, कुणाची तरी टाय लावलेली.

"सांगितलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"बरं," तो म्हणाला.

तो पायऱ्या चढून आत गेला. मी समोरच्या फुटपाथवर थांबलो. खिशात पत्र होतं. अकरा वाजले, बारा वाजले. त्या चौकात मी किती फेऱ्या मारल्या माहीत नाही. एका पोलिसाने मला दोनदा हटकलं. आत जायला सोळा पायऱ्या होत्या. दीडच्या सुमारास बाजूच्या दाराने त्याला दोन माणसांनी बाहेर आणलं आणि गाडीत बसवलं. त्याने टाय काढून हातात गुंडाळली होती. मी पलीकडे उभा होतो. त्याने पाहिलं की नाही, मला सांगता येत नाही.

तीन आठवड्यांत त्याला न्यूयॉर्कला नेऊन बोटीवर चढवलं. स्टेलाला मी तेवढंच सांगितलं. तिने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "वाईट झालं. पण एकदा तरी त्याने नीट वाचून सही केली."

तिला डिसेंबरात कागद मिळाला. तिने जजसमोर हात वर केला, तसाच, जसा ती आम्हाला शिकवायची. जागा शिल्लक होती. पुढे मला फाउंड्रीने पुरतं सोडलं, आणि दोन वर्षं आम्ही तिच्या पगारावर काढली. तेव्हा वाटायचं, आता सांगितलं तर शपथेवरचा कागद खोटा ठरेल आणि तिचं सगळं परत जाईल. हे खरंही होतं. नंतर लढाई आली. नंतर आमच्या लोकांनाही नागरिकत्व मिळू लागलं आणि मीही हात वर केला. भीतीचं कारण संपलं. तरी मी सांगितलं नाही. कोणी बायकोचं नाव विसरला, कोणी फॉर्म चुकीचा भरला, की स्टेला म्हणायची, "तुझ्या दाऊदसारखा." मी मान हलवायचो.

एकतीस वर्षं ती असं म्हणत राहिली. गेल्या मार्चमध्ये ती गेली. शेवटच्या आठवड्यात इस्पितळात ती जागी असायची आणि वेळही पुष्कळ होता. नर्स माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवायची. मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जायचो, परत येऊन बसायचो. ती म्हणाली, "टँडी, एका जागी बस ना." मी बसलो. तिचा हात धरला. बोललो ते हवेबद्दल.

दाऊदभाईची इतक्या वर्षांत चार पत्रं आली, अक्षर तेच. दाभोळला त्याची होडी आहे, दोन मुली आहेत, मोतीबिंदू झाला आहे. प्रत्येक पत्रात खाली, सलामाच्या आधी, एकच ओळ असते. टीचरबाईंना सांगितलंस का? बाकी सगळ्याचं मी उत्तर द्यायचो आणि ती ओळ सोडून द्यायचो.

पाचवं पत्र या महिन्यात आलं. ती गेल्याचं त्याला कोणी कळवलेलं नाही. तोच प्रश्न आहे. मी पत्र टेबलावर उघडं ठेवलं आहे, आणि उत्तर अजून लिहिलेलं नाही.